अलादीन बघायला कुणाची परवानगी?

ईदनंतरच्या रविवारी, ९ जूनला, पुण्यातल्या एका मल्टिप्लेक्समध्ये मी रडलो. पडद्यावर विल स्मिथ होता, शेजारी माझी नऊ वर्षांची लेक होती आणि मांडीवर अर्धवट संपलेले पॉपकॉर्न. माझं वय ४४. पिक्चर होता डिस्नेचा 'अलादीन'. घरी आल्यावर हे मी फेसबुकवर पाच ओळींत लिहिलं आणि झोपलो. सकाळी उठून बघतो तर माझ्यावर खटला उभा. तेव्हापासून आजपर्यंत जे ऐकून घेतलं त्याचं उत्तर पाच ओळींत मावणारं नाही, म्हणून हा लेख.

आधी माझी जबानी नोंदवून घ्या. हा पिक्चर बघायचा माझा बेतच नव्हता. ईदला सलमानचा 'भारत' लागला होता, आणि आमच्या घरात शीरखुर्मा, बिर्याणी आणि सलमान या तिन्ही गोष्टी फर्ज असल्यासारख्या पाळल्या जातात. भाचे, पुतणे, मेहुणे धरून अकरा जण गेलो तर 'भारत'ची तिकिटं संपलेली. लेक तीन आठवड्यांपासून 'अलादीन' म्हणून मागे लागली होती आणि मी टाळत होतो. रोजे आहेत, ऊन आहे, ईद होऊ दे. त्या दिवशी माझ्याकडची कारणं संपली. पोरं रुसून परत गेली, मोठी माणसं खाली चहा पीत बसली आणि आम्ही बापलेक आत शिरलो.

टाळण्याचं खरं कारण लेकीला सांगितलं नव्हतं. पिक्चर न बघताच मी त्याच्यावरचा लेख लिहून ठेवला होता. शीर्षकसुद्धा ठरलं होतं, 'डिस्नेचा दिवा आणि आपला अंधार'. नऊशे शब्द झाले होते, फक्त तिकिटाची तारीख भरायची बाकी होती. हसू नका. या ब्लॉगवर गेली काही वर्षं मी जे लिहितो त्यातलं बरंचसं असंच लिहिलेलं असतं. राग आधी तयार असतो, निमित्त नंतर सापडतं.

त्या लेखातला मालमसाला खोटा नव्हता, हेही सांगतो. १९९२ च्या कार्टून 'अलादीन'ची सुरुवात ज्या गाण्यानं होते, त्यात अरबांच्या मुलखाचं वर्णन 'चेहरा आवडला नाही तर कान कापणारा देश' अशा अर्थानं केलेलं होतं. अमेरिकेतल्या अरबांनी आवाज उठवल्यावर १९९३ साली व्हिडिओ कॅसेट निघाली तेव्हा कान वाचले, पण 'रानटी' हा शब्द तसाच राहिला. तो जायला २०१९ उजाडलं. त्या कार्टूनमध्ये नायक-नायिका अमेरिकन उच्चारात बोलतात आणि दुकानदार, शिपाई जाड अरबी उच्चारात. जॅक शाहीन नावाचे एक अभ्यासक आयुष्यभर हॉलिवूडमधले अरब मोजत बसले होते. शेकडो चित्रपट पाहून त्यांनी जाडजूड ग्रंथ लिहिला. अरब म्हणजे एक तर अतिरेकी, नाही तर तेलवाला शेख, नाही तर उंटवाला, असा त्याचा निष्कर्ष. नव्या 'अलादीन'च्या वेळीही गर्दीतल्या काही नटांचे चेहरे मेकअपनं सावळे केल्याचं डिस्नेला मान्य करावं लागलं. मूळ गोष्टीत नसलेला एक गोरा राजपुत्रही त्यात घुसवलाय. आणि माझा सगळ्यात लाडका पुरावा वेगळाच होता. डिसेंबर २०१५ मध्ये अमेरिकेतल्या एका जनमत चाचणीत मतदारांना विचारलं होतं, अग्रबावर बॉम्ब टाकावेत का? रिपब्लिकन मतदारांपैकी ३० टक्के 'हो' म्हणाले. अग्रबा म्हणजे अलादीनचं शहर. कार्टूनमधलं.

इतका दारूगोळा खिशात घेऊन मी आत बसलो होतो.

पिक्चर सुरू होतो तो एका जहाजावर. दोन लहान मुलं, त्यांचा बाप सुकाणूपाशी. पोरांना समोरून जाणाऱ्या मोठ्या, देखण्या जहाजाचा हेवा वाटतो. बाप म्हणतो, बसा, एक गोष्ट सांगतो. बस्स, एवढंच. आणि माझ्या नऊशे शब्दांना तिथेच वाळवी लागली.

कारण मी सोलापूरचा, आणि माझी दादी विड्या वळायची. सोलापुरात वाढलेल्याला पुढचं सांगायची गरज नाही. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, ओल्या फडक्यात तेंदूची पानं आणि हजार विड्यांचा हिशोब. दिवसभरात तो पुरा व्हायचा नाही, मग रात्री कंदिलाच्या उजेडात बसायचं आणि आम्ही पोरं भोवती. गोष्ट रात्रीच. दिवसा सांगितली तर वाटसरू रस्ता चुकतात, असं तिचं म्हणणं. बोटं चालू, तोंड चालू. अलादीन मी पहिल्यांदा तिथे ऐकला. नंतर मोहल्ल्यात ईदला व्हीसीआर भाड्यानं यायचा तेव्हा होमी वाडियांचा १९५२ सालचा अलादीन पाहिला, महिपाल आणि मीनाकुमारीचा. मग त्यांचाच 'हातिमताई'. त्यातलं रफीनं गायलेलं दुआचं गाणं लागलं की अब्बा डोक्यावर रुमाल टाकायचे. सिनेमाच्या गाण्याला. पुढे अलिफ लैला दूरदर्शनवर आलं तोवर मला मिशा फुटल्या होत्या, पण बघितलं. २००९ मध्ये आपल्या लातूरच्या रितेश देशमुखनंही अलादिन केला. त्यात त्याचं आडनाव चॅटर्जी होतं, आणि अमिताभ बच्चन जिन. तो मी मात्र अर्ध्यात सोडला. माझं प्रेमही आंधळं नाही.

तर त्या जहाजानंतर अग्रबाचा बाजार आला आणि मला दिसला सोलापूरचा गड्डा. सिद्धेश्वराच्या जत्रेतली ती दुकानं, तो धुरळा, तो रंग. हा बाजार कुठल्याही खऱ्या शहरातला नाही. कपडे थोडे राजस्थानी, कमानी थोड्या मोरोक्कोच्या, नाच चक्क आपल्या मुंबईचा. टीकाकार याच खिचडीवर चिडलेत आणि त्यांचं बरोबर आहे. पण गड्ड्यावरचा पाळणा तरी कुठल्या एका प्रांताचा असतो?

मी पहिल्यांदा मोठ्यानं हसलो ते जॅमला. अलादीन राजपुत्र अली बनून दरबारात येतो. मागे शहामृग, हत्ती, नाचणारे शंभर जण. आणि शहजादीसमोर उभं राहिल्यावर त्याला एक शब्द सुचत नाही. सोबत काय आणलंय म्हटल्यावर तो म्हणतो, जॅम. मग जॅमचे प्रकार सांगत सुटतो. जिनच्या चेहऱ्यावर जी कळ उमटते ती मी ओळखली. माझ्या निकाहाआधी मुलगी बघायला गेलो होतो तेव्हा मोठ्या भावाच्या चेहऱ्यावर हीच होती. मी तिथे सोलापूरच्या पाणीटंचाईवर दहा मिनिटं बोललो होतो.

पिक्चर थोर नाही. जाफर फुसका आहे, नुसताच देखणा. शहजादीला दिलेलं नवं गाणं ठिगळासारखं वाटतं. मधला अर्धा तास मी घड्याळ बघितलं. फेब्रुवारीत पहिली झलक आली तेव्हा निळ्या विल स्मिथची जगभर टिंगल झाली होती, तीत मीही होतो. पण हा माणूस पडद्यावर आला की घर भरल्यासारखं वाटतं. आणि शेवटी अलादीन आपली तिसरी इच्छा स्वतःसाठी न मागता जिनला मोकळं करण्यासाठी मागतो. जिनच्या मनगटातली कडी गळून पडतात. तो माणूस होतो, आपल्या उघड्या हातांकडे बघत राहतो. लेक कानाशी येऊन म्हणाली, "अब्बा, तुमे कायकू रोते?" मी म्हणालो, एसी लागतोय.

आता खटल्याकडे वळतो.

पहिली फिर्याद नात्यातून आली. फॅमिली ग्रुपवर कुणीतरी एक तकरीर टाकली. आवाज कुणाचा ते माहीत नाही, पण वजनदार. असले पिक्चर मुलांना दाखवणं म्हणजे त्यांच्या अकीद्यात विष कालवणं. त्यात जिनला दोस्त दाखवतात, जादू दाखवतात, आणि अल्लाह सोडून दिव्याकडे हाजत मागायला शिकवतात. हा शिर्क आहे. खाली चुलतभावानं माझं नाव घालून लिहिलं, "भाईजान, आप भी?"

भाईजान, मी भी. जादू करणं-करवणं आपल्या दीनमध्ये मोठ्या गुनाहांपैकी आहे, हे मला मदरशात कळलं तसं तुलाही कळलं. पण जिनची गोष्ट सांगणं हा गुनाह असता तर कुरआनात 'जिन' नावाची पूर्ण सूरह नसती, ७२ वी. हजरत सुलेमानच्या हुकमात जिन राबायचे, हे सूरह सबामध्ये आहे. ते त्यांच्यासाठी उंच इमारती बांधायचे, तळ्याएवढ्या पराती आणि जागेवरून हलणार नाहीत अशा देगी घडवायचे. सुलेमान काठीवर टेकून उभे असतानाच त्यांचा इंतकाल झाला, आणि जिनना ते कळलंसुद्धा नाही. ते राबतच राहिले. किड्यानं काठी पोखरली, देह खाली आला, तेव्हा त्यांना उमगलं. मला सांगा, डिस्नेच्या कुठल्या लेखकाला असा प्रसंग सुचलाय? सबाच्या राणीचं तख्त आणायचं होतं तेव्हा एक इफरीत म्हणाला, तुम्ही उठायच्या आत आणतो. आणि ज्याच्याकडे किताबाचं ज्ञान होतं तो म्हणाला, पापणी लवायच्या आत. आणलं. ज्या उम्मतच्या किताबात हे आहे तिच्या पोरांना उडती सतरंजी बघून अकीद्याची सर्दी होईल, असं मानणारा माणूस अकीद्याला फारच नाजूक समजतो.

आणि हाजतीचं म्हणाल, तर हा प्रश्न माझ्या दादीनं विड्या वळता वळता निकालात काढला होता. ती अंगठेबहाद्दर होती. प्रत्येक गोष्ट ती एकाच ओळीनं सुरू करायची. "एक था बादशा. हमारा तुमारा बादशा खुदा." हे म्हटल्याशिवाय बादशहा पुढे पाऊल टाकायचा नाही. तुमच्याही घरी असंच म्हणत असतील, ही काही आमच्या दादीची मालकीची ओळ नाही. उर्दू-दखनी बोलणाऱ्या कितीतरी घरांतल्या म्हाताऱ्या हेच म्हणत आल्या. गोष्टीतल्या बादशहाला नाव मिळायच्या आधी खऱ्या बादशहाचं नाव घ्यायचं आणि मग मनसोक्त उडायचं. तौहीदही शाबूत, सतरंजीही. तकरीर करणाऱ्या त्या हजरतांना ही ओळ कुणी ऐकवलेली नसावी, किंवा ऐकवणारी म्हातारी त्यांनीच गप्प केली असावी. आमच्याकडे तेच झालं. मी कॉलेजात असताना मोहल्ल्यात नवे, शिकलेले, शुद्ध बोलणारे लोक आले आणि म्हणाले, या खुराफात बंद करा. दादीनं वाद घातला नाही. ती नुसती गोष्टी सांगेनाशी झाली. माझ्या धाकट्या बहिणीनं तिच्याकडून एकही गोष्ट ऐकलेली नाही. मला पिक्चरमध्ये रडू का आलं याचा शोध घेणाऱ्यांनी इथूनही सुरुवात करावी.

अजून एक सांगतो. त्या पिक्चरमधलं सगळ्यात मोठं पुण्यकर्म कोणतं? बांधलेल्याला सोडवणं. सूरह बलद काढून बघा. कठीण चढण कोणती, हे सांगताना तिथे पहिली गोष्ट येते ती गुलामाची मान मोकळी करण्याची. मूळ अलादीनच्या गोष्टीत हे नाही बरं का. तिथे तीन इच्छांची मर्यादा नाही, जिनही दोन आहेत, एक अंगठीचा आणि एक दिव्याचा, आणि त्यांना मोकळं करायचा विचार कुणाच्या डोक्यातही येत नाही. ते राबतात. हे सोडवणं डिस्नेनं जोडलंय. अमेरिकेतल्या एका कार्टून कंपनीला सूरह बलदच्या जवळ जाणारा शेवट सुचतो आणि आमच्या हजरतांना त्यात फक्त शहजादीचा गळा दिसतो.

दुसरी फिर्याद किरकोळ, पण नोंदवतो. ऑफिसात एक सहकारी कौतुकानं म्हणाले, "अरे वा, तुम्ही लोकपण असले पिक्चर बघता?" मी विचारलं, असले म्हणजे? ते म्हणाले, "म्हणजे, मजेचे." वाईट हेतू नव्हता. डब्यातली वांग्याची भाजी पुढे करत म्हणाले.

तिसरी फिर्याद माझ्या जवळच्या माणसांची. चळवळीतले, वाचणारे, या ब्लॉगचे पहिले वाचक. एकानं मला जुनाच माल परत पाठवला: शाहीन, कान कापण्याचं गाणं, मेकअप. जणू तो मला ठाऊक नव्हता. दुसरा म्हणाला, तुला त्यातलं पौर्वात्यांचं चित्रण खटकलं नाही? खटकलं. खटकत असतानाच आवडला. आईच्या हातची आमटी खारट असते तेव्हा ती खारट आहे हे कळतं आणि दुसऱ्यांदा वाढूनही घेतो, त्यातला हा प्रकार आहे. याहून मोठा सिद्धांत माझ्याकडे नाही.

पण 'आपल्या गोष्टीची त्यांनी वाट लावली' असं जो म्हणाला, त्याला थोडं थांबवतो. 'आपली' म्हणजे कुणाची? हजार आणि एक रात्रींच्या जुन्या अरबी हस्तलिखितांत अलादीन सापडत नाही. १७०९ साली पॅरिसमध्ये हलबचा, म्हणजे अलेप्पोचा, हन्ना दियाब नावाचा एक तरुण होता. मारोनी ख्रिस्ती. एका फ्रेंच प्रवाशाबरोबर तिथे पोचला होता. त्यानं आंत्वान गालाँ या विद्वानाला गोष्टी सांगितल्या, त्यात ही होती. गालाँनं १७१२ मध्ये ती आपल्या ग्रंथात छापली आणि सांगणाऱ्याचं नाव घातलं नाही. हन्नाला राजाच्या ग्रंथालयात नोकरीचं आश्वासन मिळालं होतं, ती मिळाली नाही. तो हलबला परतला आणि कापड विकू लागला. म्हातारपणी त्यानं आपला प्रवास लिहून ठेवला, ते बाड रोममध्ये, व्हॅटिकनच्या ग्रंथालयात, पडून होतं. गोष्ट घडते चीनमध्ये. अलादीन शिंप्याचा मुलगा. आणि त्या चीनमध्ये सुलतान आहे, वजीर आहे, सगळे अल्लाहचं नाव घेतात.

अरबस्तानातल्या या गोष्टींशी माझी छापील ओळख कुठे झाली? उर्दू मला धड वाचता येत नव्हतं. सोलापूरच्या वाचनालयात कृष्णशास्त्री चिपळूणकरांचं 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' हाती लागलं. पुण्याच्या शास्त्र्यानं इंग्रजीवरून मराठीत आणलेलं, पुढे त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री आणि इतरांनी पुरं केलेलं. म्हणजे सीरियातल्या ख्रिस्ती पोरानं सांगितलेलं फ्रेंचात गेलं, तिथून इंग्रजीत. मुंबईच्या पारशानं त्यावर राजस्थानी नायक घेऊन पिक्चर काढला. आणि विडी वळणारी एक मुसलमान बाई तीच गोष्ट दखनीत सांगत होती, ती तिच्याकडे कुठल्या वाटेनं आली ते तिलाच माहीत. या वरातीत डिस्ने शेवटी नाचत आला, एवढंच. शेवटी आला आणि सगळा आहेर घेऊन गेला, हे खरं. २०१९ मध्ये जगभरात या पिक्चरचा गल्ला थांबायला तयार नव्हता, आणि हन्नाचं नाव त्याच्या जाहिरातीत कुठे दिसत नाही. रागवायचंच तर यावर रागवू. माझी पूर्ण साथ आहे.

हलबचं मात्र मला पिक्चर बघतानाही आठवत होतं. ज्या शहरातून ही गोष्ट निघाली त्याचा जुना बाजार गेल्या काही वर्षांच्या लढाईत जळाला, ढासळला. त्या देशाच्या लोकांना २०१७ मध्ये अमेरिकेनं दार बंद केलं, इराणच्या लोकांनाही. आणि त्यानंतर दोन वर्षांनी पडद्यावर सुलतान इराणी, जाफर ट्युनिशियाच्या घरातला, अलादीन इजिप्तमध्ये जन्मलेला, शहजादीची आई युगांडातल्या गुजराती कुटुंबातली. असल्या चेहऱ्यांना तिथे एरवी बॉम्ब बांधायचं काम मिळतं. इथे ते नाचत होते, प्रेमात पडत होते, जॅमवर बोलत होते. ही क्रांती नाही. पण माझी लेक बघत होती, आणि ज्याच्या दाढीला ती घाबरली नाही असा हॉलिवूडचा सुलतान तिनं पहिल्यांदा पाहिला.

खरा घाव घालणारा प्रश्न याहून वेगळा होता. तो एका मित्रानं फोनवर विचारला, ओरडून नाही, दमलेल्या आवाजात. "या दिवसांत तुला अलादीन सुचतो?"

या दिवसांत म्हणजे कोणत्या, ते सांगायला नको. 'अलादीन' २४ मेला लागला, आदल्या दिवशी निवडणुकीचे निकाल होते. माझा हा लेख अर्धा झाला होता आणि झारखंडमधली बातमी आली. तबरेज अन्सारी, चोरीच्या संशयावरून खांबाला बांधून मारलेला, घोषणा द्यायला लावलेला, २२ जूनला वारला. अग्रबाच्या बाजारात चोर ठरलेला पोरगा छपरांवरून उड्या मारत निसटतो. मी तो व्हिडिओ पूर्ण बघू शकलो नाही आणि दोन दिवस या लेखाला हात लावला नाही.

मग लावला. कारण त्या मित्राला मी दिलेलं उत्तर मला स्वतःलाच पुन्हा ऐकायचं होतं. मोहसिन शेख माझ्या गावचा, सोलापूरचा पोरगा. जून २०१४ मध्ये हडपसरला नमाजहून परतताना त्याला मारलं, तेव्हा मी लिहिलं. दादरीच्या वेळी लिहिलं, अलवरच्या वेळी लिहिलं. तलाकवर लिहिलं तेव्हा जमातीच्या शिव्या खाल्ल्या, वटहुकुमावर लिहिलं तेव्हा दुसऱ्यांच्या. तबरेजवरही लिहीन, हात थरथरायचा थांबला की. पण या सगळ्या वर्षांत मला एकदाही कुणी विचारलं नाही की तुला काय आवडतं. मराठीत लिहिणाऱ्या मुसलमानाला दोनच खुर्च्या ठेवलेल्या असतात, एक फिर्यादीची आणि एक सुधारकाची. संपादकाचा फोन येतो तो दंगलीनंतर किंवा फतव्यानंतर. पावसावर लिहा, असा एकदाही आलेला नाही. आणि मी, दोष दुसऱ्यांना का देऊ, मी त्या खुर्च्यांवर इतका रुळलो की लेकीनं पिक्चर मागितला तर आधी नऊशे शब्दांचा लेख लिहिला. तकरीरवाले हजरत, ऑफिसातले ते सहकारी, माझे पुरोगामी दोस्त आणि तो लेख लिहिणारा मी, आम्ही चौघं एकाच दाराशी पहारा देत होतो. आतलं पोर हसलं की प्रत्येकानं आपापल्या भाषेत म्हणायचं, शांत बस, दिवस कसे आहेत!

दिवस तसेच आहेत, म्हणून तर. दादीच्या विड्यांचे दिवस काही जॅमचे नव्हते. हजारात पन्नास विड्या छाटून टाकणारा मुकादम होता, खोकला होता, कर्फ्यू होते. कर्फ्यूत तर गोष्टी जास्त लांबायच्या, कारण सकाळी कुठे जायचं नसायचं. तिला कुणी म्हटलं असतं, आम्मा, या दिवसांत तुला अलादीन सुचतो? तिनं त्याच्याकडे बघितलं असतं आणि पान कातरत राहिली असती.

तो जुना लेख मी खोडला नाही, ठेवलाय. त्यातलं अर्धं वर वापरलंच.

परवा रात्री लाइट गेली. लेक म्हणाली, अलादीन सांगा, पण पिक्चरमधला नको, तो मला येतो. मी सुरू केलं. एक था बादशा, हमारा तुमारा बादशा खुदा. एका मुलखात एक शिंपी होता, तो मेला, त्याचा पोरगा उनाड निघाला, आणि पोराची आई सूत कातून घर चालवायची. दादीच्या अलादीनची आई विड्या वळायची, तेही सांगितलं. घरात खायला काही उरलं नाही तेव्हा आई म्हणाली, हा दिवा तरी विकू, पण आधी घासून लख्ख करते. चिंच घेतली, राख घेतली, घासायला बसली.

लेक उठून बसली. "थांबा, त्याला आई होती? मग पिक्चरमध्ये का नाही दाखवली?"

मी म्हटलं, माहीत नाही.

"मग दिवा आईनं घासला? जिनला पहिल्यांदा आईनं बघितलं?"

हो, म्हटलं. आणि ती बेशुद्ध पडली.

"आणि शुद्धीवर आल्यावर तिनं काय मागितलं?"